मत रयतेचे, कमिटी कोणाची?

सेलू, कारंजा (घाडगे), आष्टी आणि समुद्रपूर ही वर्धा जिल्ह्यातील चार तालुक्याची गावे. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायती मोडून तेथे नगरपंचायती कराव्यात असे सरकारने २०१४ च्या सुमारास ठरविले, आणि ही चारही गावे कागदोपत्री शहरे झाली. गावास शहर म्हटल्याने मातीचे घर विटेचे होत नाही, नि कोरडा नळ ओला होत नाही, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु नाव बदलले की कायदा बदलतो, आणि कायदा बदलला की रयतेच्या हातातले काय गेले व काय आले, याचा हिशेब रयतेनेच मांडावा लागतो. दुसरा कोणी तो मांडून देत नाही.

या चार नगरपंचायतींची निवडणूक २१ डिसेंबर २०२१ व १८ जानेवारी २०२२ अशी दोन दिवशी झाली आणि १९ जानेवारीस मते मोजली गेली. मुदत पाच वर्षांची. त्या हिशेबाने २०२७ च्या आरंभी ती भरते. निवडणुकीची दवंडी पिटली, जीपगाड्या धावू लागल्या, की मग शांतपणे विचार करण्यास कोणास सवड मिळत नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये. म्हणून आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींशी चार शब्द आधीच बोलावेत, असे आम्हांस वाटते.

एकाच गावाचे मतदान दोन दिवशी का झाले? कारण इतर मागासवर्गाच्या जागा आयत्या वेळी निघाल्या. १९९४ पासून महाराष्ट्रात या वर्गास स्थानिक संस्थांत शेकडा २७ जागा राखून ठेवलेल्या होत्या. विदर्भातील जिल्हा परिषदांच्या जागांवरून निघालेल्या खटल्यात ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आधी आयोग नेमून मागासलेपणाची रीतसर पाहणी करा, संस्थेसंस्थेप्रमाणे प्रमाण ठरवा, आणि सगळ्या मिळून राखीव जागा निम्म्यावर जाऊ देऊ नका. सरकारजवळ आकडे नव्हते. डिसेंबरात ऐन मतदानाच्या तोंडावर त्या जागा थांबविल्या गेल्या व सर्वसाधारण करून जानेवारीत भरल्या गेल्या. कुणबी, तेली, माळी, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, धोबी, कोष्टी यांच्या वाट्याची जागा त्या वेळी कमिटीत राहिली नाही. पुढे २०२२ च्या जुलैत बांठिया आयोगाचा अहवाल न्यायालयाने मानला, तरी तंटा चालूच राहिला. अखेर ६ मे २०२५ रोजी, अहवालापूर्वी होती तशी व्यवस्था धरून निवडणुका घ्या, असे न्यायालयाने फर्माविले तेव्हा गाडा हलला.

यातून घ्यावयाचा धडा एवढाच, की ज्याची मोजदाद नाही त्याचा हक्क वाऱ्यावर असतो. १९३१ नंतर देशाच्या शिरगणतीत सगळ्या जातींची मोजदाद होऊन तिचे आकडे कधी प्रसिद्ध झाले नाहीत, आणि त्याचे व्याज २०२१ साली आमच्या कुंभारवाड्याने व तेलीपुऱ्याने भरले. २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे केंद्र सरकारने २०२५ च्या एप्रिलात जाहीर केले. मोजणारा दारी येईल तेव्हा घरातल्या शहाण्या माणसाने समोर बसून नोंद नीट लिहून द्यावी. तेही मत देण्याइतकेच मोलाचे काम आहे.

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी या सहा नगरपरिषदांची कथा याहून वाईट. २०१६ च्या अखेरीस निवडलेल्या मेंबरांची मुदत सरली आणि २०२५ च्या डिसेंबरातील निवडणुकीपर्यंत, सुमारे चार वर्षे, तेथे सरकारने नेमलेला प्रशासक बसला. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक झालीच पाहिजे, असे राज्यघटना सांगते. पण पुस्तकातली घटना आणि कचेरीतला कारभार यांची गाठ प्रत्येक वेळी पडतेच असे नाही. पगारी अधिकारी कितीही सज्जन असो, त्यास पाच वर्षांनी आपल्या दारी मत मागावयास यावे लागत नाही, नि म्हणून नाली तुंबली तर त्याची झोप मोडत नाही.

आता जरा मागे पाहू. १८८३ साली मध्यप्रांतात स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला, जिल्हा कौन्सिल व लोकल बोर्डे निघाली. पण मत कोणास? ज्याच्याजवळ जमीनजुमला, ज्याच्या नावे सारा वा कर, त्यास. आमचा जिल्हा मालगुजारीचा. गावचा सारा मालगुजार गोळा करी, आणि कूळ, सालदार, बलुतेदार हे त्याच्या ओसरीच्या खाली उभे राहत. स्वराज्य या शब्दात त्यांचा समावेश नव्हता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मालगुजार व त्याचा सालदार एकाच रांगेत उभे राहिले. दोघांच्या मताचे वजन सारखे भरले. हा दिवस कोणी मेहेरबानीने दिलेला नाही. याच जिल्ह्यातील आष्टीस १६ ऑगस्ट १९४२ रोजी पोलीस ठाण्यासमोर माणसे मेली. त्यांत साधीसुधी गावकरी माणसे होती. त्या आष्टीच्या मतपेटीत आज कोणी पाकीट घेऊन मत टाकीत असेल, तर त्याने एकदा त्या हुतात्म्यांच्या स्मारकासमोर उभे राहून यावे.

गावाच्या हाती सत्ता द्यावी की न द्यावी, या वादाचेही एक टोक आमच्याच जिल्ह्यात आहे. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामी राहावयास आले, नि गावपंचायत हा राज्याचा पाया व्हावा असा विचार तेथून देशभर गेला. वर्ध्याचे श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४६ साली त्याच विचारावर राज्यघटनेचा आराखडा पुस्तकरूपाने मांडला. उलट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत बजाविले, की हे जुने गाव म्हणजे अज्ञानाचे, संकुचितपणाचे नि जातिद्वेषाचे घर आहे. त्याच्या हाती राज्याचा पाया देऊ नका. आमच्या मते त्या इशाऱ्याचे उत्तर १९९२ च्या दोन घटनादुरुस्त्यांनी पुष्कळ अंशी दिले. गावास सत्ता दिली, पण ती देताना अनुसूचित जाती, जमाती व स्त्रिया यांच्या जागा आत पक्क्या केल्या. म्हणजे गावपंचायत खरी, पण जुन्या पाटलाच्या ओसरीवरची नव्हे. तेव्हा राखीव जागेवर नाक मुरडणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की, त्या जागांवाचून गावास सत्ता देणे धोक्याचे आहे, हा इशारा देणारा पुरुष प्रत्यक्ष घटनेचा शिल्पकार होता.

नगरपंचायत झाल्याने काय गेले? सर्वांत मोठी गोष्ट गेली ती ग्रामसभा. ग्रामपंचायतीत वर्षास निदान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. तेथे सरपंचास भर सभेत हिशेब विचारता येतो. कोणत्या घरकुलात कोणाचे नाव चढले हे विचारता येते. शंभर मतदार किंवा शेकडा १५ यांपैकी कमी तेवढे जमले की सभा भरते. नगरपंचायत होताच ती सभा संपली. मोठ्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात अशी घटनेची सक्ती आहे खरी, परंतु ती तीन लाख वस्तीच्या पुढे. आमची गावे त्या मापात कोठेच बसत नाहीत. म्हणजे खेड्याची सभा गेली आणि शहराची समिती आली नाही. जात्याच्या दोन पाळ्यांमध्ये दाणा सापडावा तशी या लहान गावांची गत झाली. पाच वर्षांतून एक दिवस बोट शाईत बुडवावयाचे, एवढाच कारभारातला रयतेचा वाटा उरला. तेव्हा तो एक दिवस तरी शुद्धीवर राहून वापरला पाहिजे.

आणि तो कसा वापरला जातो, ते आता स्पष्ट बोलू. नगरपंचायतीत सतरा प्रभाग. समजा, गावात ८,५०० मतदार आहेत. म्हणजे प्रभागास ५००. शेकडा ७० नी मत दिले तर ३५० मते पडली. उभे राहिले पाच जण. एक कुणब्यांचा, एक तेल्यांचा, एक माळ्यांचा, एक अमक्या पुढाऱ्याचा, एक तमक्या पुढाऱ्यावर रुसलेला. मते पडली १०५, ९०, ७०, ५० आणि ३५. एकशेपाचवाला मेंबर झाला. त्याच्या विरुद्ध २४५ मते आहेत, आणि गावच्या पाचशे मतदारांत त्याची माणसे शेकडा २१. हा मेंबर पाच वर्षे काय शिकेल? तो हेच शिकेल की, आपणास पाचशे माणसांची गरज नाही, आपल्या एकशेपाचांना सांभाळले म्हणजे झाले. रस्ता त्याच एकशेपाचांच्या दारापर्यंत येतो नि थांबतो, तो यामुळे. पुढे डांबर संपले असे सांगतात. आमचे म्हणणे, डांबर संपले नाही, मते संपली!

वर्धा जिल्ह्यात निवडणूक लोकसभेची असो की गल्लीची, प्रथम प्रश्न निघतो तो कुणबी-तेली गणिताचा. चौकातल्या पानठेल्यावर बसलेला प्रत्येक जण हे गणित बोटांवर करून दाखवितो. कापसाचा भाव पडला तर तो कुणब्याचा पडतो आणि तेल्याचा वाचतो काय? बोंडअळी जात विचारून शेतात शिरते काय? सुताराच्या गल्लीतील नाली व माळ्याच्या गल्लीतील नाली पुढे एकाच नाल्यास मिळते, आणि त्या नाल्यावर पोसलेला डास कोणाचीही जात पाहून चावत नाही. तुकोबा कुणबी होते. त्यांचे अभंग लिहून जतन करणारे संताजी जगनाडे तेली होते. कुणब्याची वाणी तेल्याने जपली म्हणून ती आज आपल्या घरात आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी या दोघांस जे जमले ते आज एका प्रभागात आपणास जमू नये, ही कोणाची लाज? बहुजन समाजातील एक जात दुसऱ्या जातीस पाडण्यासाठी वापरली जाते तेव्हा कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण खरी होते. कुऱ्हाड धरणारा हात मात्र निराळाच असतो. तो ठेकेदाराचा असतो, जमिनीचे तुकडे पाडून विकणाऱ्याचा असतो, आणि त्यास कोणत्याच जातीचे वावडे नसते.

आपल्या जातीच्या लायक माणसास मत देऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. ज्या जातीचा माणूस आजवर कमिटीच्या पायरीवरही चढला नाही, तिने आपला माणूस आत पाठविणे हा न्यायच आहे. पण माणूस लायक आहे म्हणून मत द्यावयाचे आणि जात आपली आहे म्हणून लायकी पाहावयाचीच नाही, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरे दुखणे पैशाचे. मतदानाच्या आदल्या रात्री जे चालते ते आम्ही वर्णन करीत नाही. ते गल्लीतल्या पोरालाही ठाऊक आहे. फक्त हिशेब सांगतो. समजा, एका मतास हजार रुपये मिळाले. पाच वर्षांचे दिवस १,८२५. दिवसास पडले पंचावन्न पैसे. एवढ्यात अर्धा कप चहाही येत नाही! आणि देणाऱ्याने एकशेपाच मतांस १,०५,००० रुपये घातले, ते तो धर्मार्थ घालीत नाही. ते सिमेंटच्या रस्त्यातून, पाण्याच्या पाइपातून, दिव्याच्या खांबातून वसूल होतात, आणि पहिल्या पावसात रस्ता उखडला की त्यात आपला हजार रुपयांचा खडा दिसतो. आंधळे दळते नि कुत्रे पीठ खाते. येथे तर दळणाऱ्यास डोळे असून तो मिटून घेतो. हे लोण कोठवर जाते ते पाहावयाचे तर नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी पाहा. तेथे सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाला, म्हणून राज्य निवडणूक आयोगास २०२१ च्या जानेवारीत त्या निवडणुकाच रद्द कराव्या लागल्या. लिलाव बैलांचा होतो, भंगाराचा होतो. गावाच्या मानाचा लिलाव करणाऱ्यांनी आपण कोणत्या भावात गेलो तेही लिहून ठेवावे.

तिसरी गोष्ट आमच्या भगिनींची. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, सतरांत नऊ. त्या नऊ जणींपैकी किती जणी सभेत स्वतः तोंड उघडतात? बाई निवडून येते, आणि तिचा नवरा 'मेंबरसाहेब' म्हणून मिरवितो. सही तिची, शब्द त्याचा. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी पुरुषांचे सोंग उघडे पाडणारे पुस्तक लिहिले, तेव्हा स्त्रीस मत नव्हते, खुर्ची नव्हती. आज दोन्ही आहेत. शेतात निंदणी-खुरपणी करणाऱ्या, हापशावर घागर भरणाऱ्या बाईस गावाचे पाणी कोठे अडते ते नवऱ्यापेक्षा अधिक कळते. तिला बोलू द्या. आणि भगिनींनो, कोणी बोलू दिले नाही तरी बोला. सभेच्या नोंदवहीत तुमचे नाव आहे, त्याचे नाही.

चौथे दुखणे वरून येते. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडावा की मेंबरांनी, हे २०१६ साली एका तऱ्हेने ठरले, २०२० साली उलटले, २०२२ साली पुन्हा उलटले. मुंबईत ज्याचे राज्य त्याच्या सोयीने गावचा कायदा कूस बदलतो. रयतेस कोणी विचारले नाही. आमचे मत असे, की अध्यक्ष कोणत्याही रीतीने निवडा, पण ती रीत निदान दहा वर्षे टिकू द्या. म्हणजे त्या रीतीचे गुणदोष तरी लोकांस कळतील.

मग रयतेने करावे काय? आमचे सांगणे चार गोष्टींचे आहे. पहिली, कायद्याने ग्रामसभा गेली असली तरी गल्लीने एकत्र बसण्यास कोणताच कायदा आड येत नाही. दर तीन महिन्यांनी देवळाच्या पारावर, विहाराच्या ओट्यावर वा शाळेच्या अंगणात प्रभागाची सभा भरवा, मेंबरास बोलवा, आणि काय झाले व काय राहिले ते वहीत लिहून त्याची सही घ्या. दुसरी, अर्थसंकल्पाची प्रत मागा. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. गावातल्या शिकल्या-सवरल्या पोराकडून अर्ज लिहवा. घरपट्टीची आकारणी शेजाऱ्याच्या आकारणीशी ताडून पाहा. पुढाऱ्याच्या माडीवर कर किती नि आपल्या टिनाच्या घरावर किती, हे एकदा गावास कळू द्या. तिसरी, उमेदवार आपली मालमत्ता व आपल्यावरील फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रावर लिहून देतो. ते वाचल्यावाचून मत देऊ नका. स्वतःस वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या. चौथी, निवडणुकीच्या सहा महिने आधी प्रभागातील सर्व जातींची चार-चार माणसे बसून एक नाव ठरवा. पाच उमेदवारांत एकवीस टक्क्यांचा धनी निवडण्यापेक्षा दोघांत निम्म्याहून अधिकांचा सेवक निवडणे केव्हाही बरे.

एकटा मेंबर काय करणार, असे म्हणणाऱ्यांस जोतीराव फुल्यांचे उदाहरण सांगतो. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे म्युनिसिपालिटीत होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चावेत असा ठराव आला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असे म्हणून त्यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. ठराव मंजूर झाला, पण त्या सभेतल्या बाकीच्या मेंबरांची नावे आज कोणास आठवतात? आमच्या शेजारच्या अमरावतीस १९२८ साली डॉ. पंजाबराव देशमुख जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्य बंधूंस खुल्या केल्या. कौन्सिलच्या खुर्चीचा उपयोग कशासाठी करावयाचा हे ज्यास आधीच ठाऊक असते, तोच त्या खुर्चीवर बसल्यावर काही करून दाखवितो.

तेव्हा सेलू, कारंजा, आष्टी, समुद्रपूर येथील आमच्या बंधुभगिनींनो, पुढल्या खेपेस मत मागावयास जो येईल त्याला पाटावर बसवा, पाणी द्या, आणि एकच प्रश्न विचारा: बाबा रे, गेल्या पाच वर्षांत तू या गल्लीतून किती वेळा चालत गेलास? उत्तर ऐकून मग काय करावयाचे ते तुम्हांस आम्ही सांगण्याची गरज नाही.